फ्लॅटचा करार होतो, वावराचा का नाही?

प्रति,
मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स.न.वि.वि.

माझ्या नावावर दोन मिळकती आहेत. कोथरूडमध्ये राहत्या घराशिवाय एक छोटा फ्लॅट, आणि दिवे घाट चढून गेल्यावर पुरंदर तालुक्यात तीन एकर जमीन. दोन्ही मी दुसऱ्यांना वापरायला दिल्यात. फ्लॅटमध्ये आयटीतलं एक जोडपं राहतं. त्यांचा अकरा महिन्यांचा करार होतो. एजंट लॅपटॉप घेऊन घरी येतो, अंगठे घेतो, फोटो काढतो, चहा पितो, आणि दोन-चार दिवसांत नोंदणी झालेला कागद मोबाइलवर येतो. जमिनीचा करार पाडव्याला होतो. ती अर्धेलीनं, म्हणजे पिकाच्या अर्ध्या वाट्यावर कसणारे मामा येतात (नात्याचे कुणी नाहीत, पण वीस वर्षं मामाच म्हणतो), आम्ही श्रीखंड-पुरी खातो, आणि निघताना चपला घालता घालता ते विचारतात, "मग यंदाबी हायेच ना?" मी म्हणतो, "हाय की." झाला करार.

या करारात मामांचं नाव कुठंच येत नाही. सातबाऱ्यावर मी. ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकाची नोंद करायच्या सरकारी ॲपवर, पिकाचा फोटो ते काढतात, पण खातेदार मी. गावच्या सोसायटीचा सभासद मी. माझ्या जमिनीशी त्यांचा काही संबंध आहे याची लेखी नोंद जगात एकाच ठिकाणी सापडेल, ती आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनच्या वहीत. बाजरीचं पोतं घेऊन ते येतात तेव्हा 'कुणाकडे' या रकान्यात माझा फ्लॅट नंबर असतो आणि 'कशासाठी' या रकान्यात वॉचमन 'पार्सल' लिहितो.

असं का, हे पुण्यात राहून गावी जमीन असलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. "कूळ लागेल," एवढंच उत्तर येईल. कलमं कुणी वाचलेली नसतात, पण भीती खोटी नाही. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचं कलम ४ असं की, घरचा माणूस, पगारी नोकर किंवा देखरेखीखालचा मजूर नसलेला कुणी दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसत असेल तर त्याला कूळ मानायचं. आणि ३२-ओ प्रमाणे १ एप्रिल १९५७ नंतर लागलेल्या कुळालाही वहिवाट सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत ती जमीन विकत मागता येते, मग तुम्ही आपसात काहीही लिहून घेतलेलं असो. त्यामुळं काही मालक दर दोन वर्षांनी वाटेकरी बदलतात. काही स्टँपपेपरवर त्याला सालगडी दाखवतात. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी खेड तालुक्यातली चार एकर सात-आठ वर्षं पडीक ठेवलीय. बाभळी उगवल्यात त्यात. "निदान आपली तरी राहील," असं त्यांचं म्हणणं.

इथं एक कबुली द्यायला हवी. माझी तीन एकर आमच्या घरात आली ती याच कायद्यामुळं. आजोबा कूळ होते. जमीन पुण्यातल्या पेठेत राहणाऱ्या मालकाची. सुगी झाली की खंडाचं धान्य बैलगाडीत घालून आजोबा घाट उतरायचे, वाड्याच्या चौकात पोती उतरवायचे, ओट्यावर बसून पाणी प्यायचे आणि रात्रीतनं परत. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कायद्यानं त्यांना मालक मानलं. मग किंमत ठरवायची कलम ३२-ग ची चौकशी, शेतसाऱ्याच्या पटीत ठरलेली किंमत, तिचे हप्ते, आणि शेवटी जमीन खरेदीचा, कलम ३२-म चा दाखला. आजीनं त्या दाखल्याला हळदीकुंकू लावून तो ट्रंकेत ठेवला होता. कडेला अजून डाग आहे. त्या जमिनीवर वडील शिकले, वडिलांच्या शिक्षणावर मी बँकेत लागलो, बँकेच्या पगारावर कोथरूडला आलो. आता पुण्यातला मालक मी. बैलगाडीच्या जागी एसटी आली, एवढाच फरक.

तेव्हा 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा फसली, असं म्हणणाऱ्यांत मी बसणार नाही. तिची फळं मी खाल्लीत. पण ज्या कायद्यानं माझ्या आजोबांना कागदावर आणलं, त्याच कायद्याच्या धाकानं आज मामा कागदाबाहेर आहेत. माझं सगळं गाऱ्हाणं या एका गोष्टीचं आहे.

कागदाबाहेर असण्याची किंमत किती, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये गारपीट झाली. रानात गरवा कांदा होता, काढणी तीन आठवड्यांवर. रोप आणि खत निम्मं-निम्मं होतं. लागण, खुरपणी, रात्रीचं पाणी सगळं मामांच्या घरचं. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा पात पार झोपलेली, आणि उपटून पाहिलेल्या कांद्यावर गारांचे डाग. मामा बांधावर बसून एकेक कांदा हातात घेऊन दाबून बघत होते. पंचनामा झाला. कुणाच्या नावानं? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या. हेक्टरी १७,००० च्या दरानं २०,४०० रुपये माझ्या खात्यात आले. मेसेज आला तेव्हा मी पौड रोडला सिग्नलला उभा होतो आणि कसले पैसे हे क्षणभर मला आठवेना.

त्यातले १०,२०० मी मामांना दिले. अर्धेली म्हणजे अर्धी, असा साधा हिशेब केला. त्यांनी नोटा मोजल्या, "बरं हाय" म्हणाले आणि बंडीच्या खिशात ठेवल्या. खुरपणीच्या बायकांची मजुरी त्यांनी हातउसनं घेऊन भागवली होती, हे मला दिवाळीत कळलं. खरं तर कायद्यानं मी एक रुपयाही देणं लागत नव्हतो. ते अर्धे मिळाले हा माझा चांगुलपणा, आणि अर्धेच मिळाले हाही माझाच. एखाद्याच्या वर्षाच्या कष्टाची भरपाई दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवणाऱ्या व्यवस्थेला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पीकविम्याचं तसंच. भाडेपट्ट्यानं करणाऱ्याला विमा काढता येतो, पण त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तो करार कोण करून देणार? मी? पीककर्जाचं तर विचारूच नका. मी स्वतः नोकरीतली काही वर्षं एका ग्रामीण शाखेत काढलीत. सातबारा नसलेल्या माणसाला खुर्चीवरून न उठता परत पाठवणारा हात माझाच होता. पीएम-किसान मला नाही, कारण पेन्शन दहा हजारांच्या वर आहे. हे योग्यच. पण मामांनाही नाही, कारण त्यांच्या नावावर जमीन नाही. म्हणजे सरकारच्या लेखी त्या तीन एकरांवर शेतकरी कुणीच नाही. कांदा आपोआप येतो.

आता यावर "जमीनच त्यांच्या नावावर करा" हे एक उत्तर आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान, दक्षिण कोरिया आणि तैवान या तिन्ही देशांनी कुळांना मालक केलं आणि तिथला ग्रामीण समाज एका पिढीत बदलला. आपल्याकडं ते अर्धवट झालं. कसं, ते शोधायला लांब जायला नको. इथल्याच गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९४८ च्या कायद्याच्या अंमलाची पाहणी केली होती, १९५७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कागदावर संरक्षण असलेली कुळं गावोगाव 'स्वखुशीनं' जमिनी सोडून देत होती, असं त्यात निघालं. ती स्वखुशी कसली, हे खेड्यात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. माझे आजोबा टिकले, कारण आमचा मालक म्हातारा होता आणि त्याचा मुलगा मुंबईला. त्यांच्या शेजारच्या बांधावरचं कूळ टिकलं नाही.

पुढं कुणी किती जमीन ठेवायची याची कमाल मर्यादा ठरवणारा १९६१ चा सीलिंग कायदा आला, १९७५ पासून मर्यादा खाली आणली: बारमाही बागायत १८ एकर, जिरायत ५४. पण देशभरात सीलिंगमधून प्रत्यक्ष वाटली गेलेली जमीन एकूण लागवडीच्या दोन टक्क्यांपलीकडं गेली नाही. आणि काढून घेतलेल्या जमिनीचंही काय झालं ते इंदापूर-माळशिरसच्या खंडकऱ्यांना विचारा. त्यांच्या वाडवडिलांनी खासगी साखर कारखान्यांना खंडानं दिलेली जमीन सीलिंगमध्ये सरकारकडं गेली, १९६३ मध्ये शेती महामंडळ निघालं, आणि वारसांना ती परत मिळायला सुरुवात व्हायला २०१२ उजाडलं. तोवर मूळ खंडकऱ्यांतले किती हयात होते?

दुसरी अडचण साध्या भागाकाराची आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी पिंपळे सौदागर गावची जमीन मोजून काढली. हो, तेच पिंपळे सौदागर, जिथं आता कार लावायला जागा मिळत नाही. १७७१ मध्ये तिथं सरासरी खातं ४० एकरांचं होतं, १९१५ च्या सुमारास ७ एकरांचं. राज्याची गोष्ट वेगळी नाही. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात सरासरी खातं ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.३४. वाटून वाटून आता वाटायला उरलंय ते बहुतेक माझ्यासारख्यांचे तीन-तीन एकरांचे तुकडे. ते मामांना द्यायचे म्हटलं, तर त्याच गावात स्वतःच्या नावावरचे दोन एकर वाट्यानं देणारी विधवा बाईसुद्धा जमीनदार ठरेल. आज जमीन देणारे सगळे सावकार नाहीत आणि घेणारे सगळे गरीब नाहीत. पंजाबात छोटे मालकच ट्रॅक्टरवाल्या मोठ्यांना जमिनी ठेक्यानं देतात, हे जुनं झालं.

मधला एक रस्ता आहे आणि तो या देशात चालून झालाय. पश्चिम बंगालनं १९७८ मध्ये ऑपरेशन बर्गा सुरू केलं. जमिनीची मालकी तिथंच ठेवली, पण वाटेकऱ्याचं नाव सरकारी दप्तरात आणलं. अधिकारी गावात संध्याकाळी बसायचे, वाटेकऱ्यांना समोरासमोर विचारून नोंदी करायचे. चौदा लाखांवर बर्गादार, म्हणजे वाटेकरी, नोंदले गेले. त्यांना हुसकावता येईना, आणि बी-खत त्यांचं असेल तर पिकाचा तीन चतुर्थांश वाटा त्यांचा ठरला. उत्पादन वाढलं, हे अर्थशास्त्रज्ञांनी नंतर आकड्यांनी दाखवलंय. उलट आंध्रनं २०१९ मध्ये कसणाऱ्यासाठी अकरा महिन्यांचं कार्ड काढलं, पण त्यावर मालकाची सही लागायची. मालक सही देईनात.

मी मालक आहे म्हणून सांगतो: माझ्या सहीवर काही सोडू नका. मी सही करणार नाही. मी स्वतःला ओळखतो.

मात्र पुणेकर म्हणून मला हेही माहीत आहे की धाक गेला की मालक वागणं बदलतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं पेठांमधल्या वाड्यांचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. खोलीचं भाडं पंधरा-वीस रुपये, मालक कौल बदलेना, भाडेकरू हलेना, आणि पावसाळ्यात भिंत पडली की दोघंही रस्त्यावर. नवं घर भाड्यानं देण्यापेक्षा लोक कुलूप लावून ठेवत. मग लिव्ह अँड लायसन्सचा कागद रुळला. १९९९ च्या कायद्यानं तो लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं, आणि मुदत संपल्यावर मालकाला जागा परत मिळण्याची सोय केली. तेव्हापासून कुलपं उघडली. अर्थात ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. फ्लॅट अकरा महिन्यांत सुधारावा लागत नाही, जमीन सुधारावी लागते. वर्षाच्या बोलीवर कुणी शेणखत टाकत नाही, ताल (मातीचा बांध) घालत नाही, विहिरीतला गाळ काढत नाही. माझ्या विहिरीत गाळ आहे, कारण मामांना तो काढून पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. मी त्यांना दोष कसा देऊ?

आणि सरकारला जमीन भाड्यानं घेणं जमत नाही असंही नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तुम्ही शेतकऱ्याला हेक्टरी १.२५ लाख रुपये वार्षिक भाडं देता, दर वर्षी तीन टक्के वाढ धरून. तिथं कागद पक्का, मुदत लांब, मालकाची मालकी शाबूत. सौर पॅनेलला कूळ लागत नाही. कांदा लावणाऱ्या माणसाला मात्र लागतं!

मागणं फार नाही. ई-पीक पाहणी २०२१ पासून सुरू आहे, त्या कामाचं मुख्य ठिकाण जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय इथंच पुण्यात आहे. त्या ॲपमध्ये खातेदाराच्या खाली 'प्रत्यक्ष कसणारा' असा एक रकाना घाला. तो मालकाच्या सहीनं भरू नका, दोन बांधकऱ्यांच्या, म्हणजे बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्यांच्या, साक्षीनं भरा. रानात कोण राबतं हे बांधकऱ्यांपासून लपत नाही. आणि कायद्यात स्पष्ट लिहा, की या नोंदीवरून कुळहक्क निर्माण होणार नाही, पण त्या हंगामाचा विमा, पीककर्ज आणि आपत्तीची भरपाई याच नावाला मिळेल. ज्यांना पुढं जायचंय त्यांच्यासाठी तीन ते पाच वर्षांचा भाडेपट्टा, फ्लॅटसारखाच अंगठा लावून, नाममात्र फीमध्ये नोंदवता येऊ द्या. मुदतीआधी जमीन काढून घेतली तर टाकलेल्या खताचे, घातलेल्या तालीचे पैसे मालकानं द्यायचे. निती आयोगानं २०१६ मध्ये भाडेपट्ट्याचा नमुना कायदा करून राज्यांपुढं ठेवला, त्याला इतकी वर्षं झाली. आमच्या बांधावर त्यातलं काही पोचलेलं नाही.

जिथं जुन्या कुळांचे दावे अजून चालू आहेत, तिथं मात्र हात लावू नका. माझ्या सोयीसाठी मागच्या तारखेपासून कायदा सैल केला, तर ज्यांची केस तीस वर्षं तहसीलमध्ये फिरतेय त्यांच्यावर नांगर फिरेल. तसंच सीलिंग. हा कायदा मालक म्हणून आणि कूळ म्हणून ताब्यात असलेली जमीन एकत्र मोजतो. ते तसंच राहू द्या. भाडेपट्टा मोकळा करायच्या नावाखाली एखाद्या कंपनीनं पाचशे एकर कवेत घेतली, तर मामा पुन्हा मजूर होतील, या वेळी करार करून.

आणि भाडेपट्टा म्हणजे भूमिहीनांचा प्रश्न सुटला, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. देशाच्या ग्रामीण भागातल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांकडं जमीनच नाही, हे २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेनं मोजलंय. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नावानं तुमच्या सरकारची योजना आहे, भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत द्यायची. पण जिरायतीला एकरी पाच लाखांची मर्यादा. घाटाखाली या पैशांत गुंठा मिळवताना घाम फुटतो, चार एकर कोण विकणार? दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, हजारो माणसं तुरुंगात गेली. ती मागणी मालकीची होती, भाड्याची नव्हती. गायरानं आणि शेती महामंडळाची उरलेली जमीन याबद्दल तुम्हाला त्या मागणीला वेगळं उत्तर द्यावं लागेल. माझ्या तीन एकरांच्या आड ते लपवू नका.

शेवटी एक घरगुती प्रश्न, ज्याचं उत्तर मला खरोखर हवंय. गेल्या पाडव्याला मामांबरोबर त्यांचा मुलगा आला होता. बारावी झालाय, मोबाइलवर बाजारभाव बघतो, घरात एवढं कुणी बघत नाही. म्हणाला, "काका, ठिबक टाकायचंय. अनुदानाला सातबारा लागतो. तुमच्या नावानं अर्ज करू का? माझा हिस्सा मी भरतो." मी "बघू" म्हणालो. त्याच्या पैशानं, माझ्या नावानं, माझ्या रानात पडलेले पाइप उद्या कुणाचे? तो पुन्हा पाडव्याला येईल. त्याआधी तुमच्याकडून काही कळलं तर त्याला सांगता येईल.

आपला,
सातबाऱ्यापुरता शेतकरी
कोथरूड, पुणे